गरुडाची ढोली आणि सामाईक डोंगर : २०२४-२५ च्या हंगामाच्या नोंदी

संगमेश्वर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं आमचं गाव. गावाचं आणि वाडीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. महाधनेशाच्या ढोलीचा, म्हणजे झाडाच्या पोकळीतल्या घरट्याचा, पत्ता जितक्या कमी लोकांना ठाऊक तितकं बरं. या नोंदी गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या वहीतल्या आहेत.

१ डिसेंबर २०२४

भाताची झोडणी आटोपली, माणसं मोकळी झाली. आज सकाळी वाघजाईच्या रहाटीपासून, म्हणजे देवराईपासून, वरच्या सड्यापर्यंत, म्हणजे कातळाच्या पठारापर्यंत, जुन्या ढोल्या बघत फिरलो. महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आहेत: राखी धनेश, मलबारी राखी धनेश, मलबारी कवड्या धनेश आणि सगळ्यांत मोठा महाधनेश. आमच्या हद्दीत घरटी करताना पाहिलेले म्हणजे शेवटचे दोन. महाधनेशाला गावात सगळे गरुडच म्हणतात, इथेही तेच लिहितो.

गरुडाला ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड आतून कुजून जी पोकळी तयार होते तीच त्याला लागते, आणि चार फूट लांबीचा पक्षी मावेल अशी पोकळी जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातच सापडते. एकदा मानवली की तीच ढोली तो वर्षानुवर्षं वापरतो. आपली ढोली खालच्या वाडीच्या मागच्या डोंगरात, बेहड्यावर आहे. आज तोंडाशी नवीन काही दिसलं नाही, पण झाड ठणठणीत आहे.

हा डोंगर मालकीचा आणि सामाईक. सातबाऱ्यावर चौदा नावं. काही वारलेली, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही; हयात असलेल्यांपैकी बरेच मुंबईत. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल उरलंय ते मुख्यतः असंच, खाजगी. वनखात्याच्या ताब्यातली जमीन थोडी. रहाटी देवाची म्हणून राहिली खरी, पण गरुडाचा संसार रहाटीत मावत नाही. तो रोज तिच्या कितीतरी पलीकडे चरायला जातो. म्हणून यंदा दुर्बिणीच्या आधी सातबारे काढायचे असं समितीत ठरलं.

१५ डिसेंबर

फळझाडांची यादी सुरू केली. वड, उंबर, नांद्रुक, पिंपळ आधी, मग काजरा, रानजायफळ, जांभूळ. प्रत्येक झाडाला क्रमांक, बुंध्याचा घेर, गट नंबर, मालकाचं नाव, आणि कोणत्या महिन्यात फळ धरतं ते. हा शेवटचा रकाना आम्हाला पुस्तकातून भरता येत नाही. तो गुरं राखलेल्या म्हाताऱ्या माणसांकडूनच भरला जातोय. आज खालच्या वाडीतल्या आजींनी नुसत्या आठवणीतून एकेका उंबराचा महिना सांगितला.

वड-उंबरांची गंमत अशी की सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. एक आत्ता, दुसरं दोन महिन्यांनी. ज्याच्या-त्याच्या जातीची बारीक माशी त्या फळांत वाढते, तिला वर्षभर कुठे ना कुठे कच्चं फळ लागतं, म्हणून झाडांचे हंगाम वेगवेगळे. त्यामुळेच बाकी रानात काही नसताना पक्ष्यांना हे अन्न मिळतं. पण त्यासाठी झाडं पुष्कळ आणि पसरलेली हवीत. दोन-चार वड राखून हे चक्र चालत नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना रस्त्याकडेचे जुने वड किती गेले ते इथला प्रत्येक माणूस जाणतो. डोंगरात काजूची लागवड करताना आधी जातो तोही वड किंवा उंबरच, कारण त्याची सावली मोठी आणि बाजारात किंमत शून्य.

५ जानेवारी २०२५

बेहड्याच्या डोंगराला जाळरेषा मारली. सड्याच्या कडेने गवत कापून, पालापाचोळा ओढून दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा केला. बचत गटातल्या बायका सकाळी लवकर आल्या, ऊन चढायच्या आत वरचा अर्धा भाग त्यांनीच पुरा केला. कापलेलं गवत त्यांनी गुरांसाठी नेलं. पुढच्या वर्षी हाच व्यवहार आधी ठरवावा: गवत त्यांचं, पट्टा डोंगराचा.

२६ जानेवारी

ग्रामसभा. ढोलीची झाडं आणि यादीतली फळझाडं लोकजैवविविधता नोंदवहीत नोंदवावीत असा ठराव मांडला. सरपंचताईंनी वाचून दाखवला, मंजूर झाला.

सभेत एकाने सरळ विचारलं, "ठराव झाला म्हणजे मला माझं झाड तोडता येणार नाही का?" प्रश्न रास्त होता आणि उत्तर तसंच सरळ द्यायला हवं होतं. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने समिती आणि नोंदवही आली, पण वहीत नाव आलं म्हणून मालकाचा हात बांधला जात नाही. १९६४ चा झाडतोडीचा कायदा ठराविक झाडांना परवानगी लावतो. त्या यादीत आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ आहेत, बेहडा नाही. महाधनेश १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हे त्या कायद्यात शिकारीतच धरलंय. म्हणजे मादी ढोलीत असताना बेहडा पाडणं गुन्हा. पण पावसाळ्यात, ढोली रिकामी असताना त्या झाडाला मालकाच्या मनाशिवाय दुसरं संरक्षण नाही. हे मी सभेत जसंच्या तसं सांगितलं. लपवून एकदा सही मिळते, दुसऱ्यांदा माणूस दारात उभा करत नाही.

९ फेब्रुवारी

मादी आत बसली.

गेले पंधरा दिवस जोडी झाडावर येत होती. नर तोंडात फळ धरून तिला द्यायचा, ती ढोलीत डोकावून परत बाहेर. या आठवड्यात ती बाहेर दिसेनाशी झाली आणि आज तोंड लिंपलेलं स्पष्ट दिसलं. स्वतःची विष्ठा आणि फळांचा गर यांनी ती आतून दार बंद करते, चोच जाईल एवढी उभी फट ठेवते. आता कित्येक आठवडे ती आणि नंतर पिल्लू त्या फटीतून मिळेल त्यावर जगणार. आत असताना तिची उडायची पिसंही झडतात. नराला काही झालं तर आतल्यांची उपासमार ठरलेली. म्हणून आम्ही नुसतं घरटं राखत नाही, त्या एका नराचा रोजचा मार्ग राखतो.

निरीक्षणाची जागा समोरच्या उतारावर करवंदीच्या जाळीमागे, दुर्बिणीशिवाय काही दिसणार नाही इतकी लांब ठेवली. पाळ्या लावल्या: सकाळी दोन तास, दुपारनंतर दोन. वहीत वेळ, काय आणलं, किती वेळ थांबला, एवढंच लिहायचं. झाडाखाली कोणी जायचं नाही.

१६ फेब्रुवारी

रहाटीतल्या सातविणीवर कवड्या धनेशाची जोडी ढोली बघत होती. आज पाहिलं तर तिथे सातेरी मधमाश्यांनी पोळं बसवलंय. जोडी दोनदा येऊन गेली. काही करायचं नाही असं ठरलं. मधमाश्याही रहाटीतल्याच. पण जुन्या ढोल्या किती कमी उरल्यात हे यातून कळतं. एकाच पोकळीवर माश्या, घोरपड, पोपट, धनेश सगळ्यांची नजर.

१ मार्च

वाईट बातमी. बेहड्याच्या डोंगराचा उक्ता सौदा होतोय, म्हणजे सगळी झाडं एकत्र, ठोक किमतीला. लाकडाचा ठेकेदार येऊन गेला, दोन हिस्सेदारांनी विसार घेतला, बाकीच्यांकडून कुलमुखत्यारपत्र गोळा करायचं काम सुरू आहे. पाडकाम पावसाआधी.

आज संध्याकाळी विसार घेतलेल्यांपैकी गावात राहणाऱ्या काकांकडे गेलो. पडवीत बसवलं, चहा दिला. त्यांचं म्हणणं इथे नीट नोंदवतो, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचं काम होणार नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. डोंगरातून वर्षाला जळाऊ लाकूड आणि थोडा हिरडा सोडून काही येत नाही. सामाईक असल्यामुळे त्यावर कर्ज मिळत नाही, लागवड करायची तर चौदा जणांची संमती. ठेकेदार तेवढा एकटा माणूस, जो रोख घेऊन दारात येतो. काका म्हणाले, "गरुड माझ्या आजाच्या वेळेपासून तिथं आहे. तो मला नकोय असं नाही. पण त्याची किंमत माझ्या एकट्याच्या खिशातून का?"

मला यावर तोडीचं उत्तर सुचलं नाही, आणि सुचायला नको होतं. ते बरोबर बोलतायत. उक्त्या सौद्यात बेहड्याला स्वतःचा भाव नाहीच. ठेकेदाराला हवाय तो ऐन आणि किंजळ. बेहडा, उंबर, नांद्रुक हे डोंगर साफ करताना सरपणात जातात. म्हणजे ज्या झाडांवर गरुड जगतो ती सौद्यात फुकट दिली जातात. इथे बोलायला जागा आहे.

नुसता बेहडा राखून भागणार नाही हेही तिथेच बोललो. सगळा उतार मोकळा झाला तर एकटं उंच झाड वाऱ्याला उघडं पडतं, पोकळ बुंध्याचं असलं तर लवकर. सभोवार झाडांचं कडं हवं, आणि नराला यायला-जायला शेंड्याशेंड्यांची वाट.

अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या भोवती न्यीशी समाजातली माणसं धनेशांची घरटी राखतात. लोक घरटी दत्तक घेतात आणि त्या पैशातून राखणदारांना मानधन मिळतं. २०११-१२ पासून ते चालू आहे. आमच्याकडे राखणदाराइतकाच जमीनमालक महत्त्वाचा, म्हणून पैसा त्याच्यापर्यंत जायला हवा. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला फोन केला. शिमग्याला सगळे येतायत, तेव्हा बैठक ठरली.

१५ मार्च

परवा होळी झाली, काल धुळवड. पालखी आज वरच्या वाडीत. चाकरमानी आलेले, घरं भरलेली. अशा दिवसांतच सामाईक जमिनीचं बोलणं होऊ शकतं, एरवी चौदापैकी चारही एका ठिकाणी भेटत नाहीत.

रात्री देवळासमोर बैठक झाली, ती बरीच लांबली. आवाज चढले. एका हिस्सेदाराचं म्हणणं होतं की गावाला पुळका असेल तर गावाने डोंगर विकत घ्यावा. गुरवकाका शेवटपर्यंत गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "शिमग्यात देव सगळ्यांच्या दारी जातो, कुणाचं दार मोठं का बारीक बघत नाही. आपणही या दोघांच्या दारी जाऊ." त्यानंतर बोलणं भांडणावरून व्यवहारावर आलं.

ठरलं ते असं. बेहड्याभोवतीचा आणि तिथून पऱ्यापर्यंतचा (ओढ्यापर्यंतचा) पट्टा तोडीतून वगळायचा. त्या पट्ट्यातल्या ऐन-किंजळीची जी किंमत सौद्यात धरली होती ती मंडळ आणि गाव मिळून हिस्सेदारांना तीन हप्त्यांत देणार. मोबदल्यात दहा वर्षं कुऱ्हाडबंदीचा करारनामा, स्टॅम्प पेपरवर. पट्ट्याबाहेरची तोड मालक परवानगी काढून करू शकतात, पण यादीतलं एकही फळझाड पाडायचं नाही आणि जूनपर्यंत त्या बाजूला करवत लावायची नाही. काकूंच्या ऑपरेशनसाठी पहिला हप्ता आधी, आणि तो काकांना. हे मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतःहून सुचवलं, मला मनापासून बरं वाटलं.

हजर होते त्यांनी सह्या केल्या. तीन सह्या बाकी आहेत.

२३ मार्च

नराने आज सरडा आणला. आधी नुसती उंबरं आणि नांद्रुकाची फळं होती: घशात साठवून आणायची, एकेक फळ वर काढून फटीतून द्यायचं. आता प्राणीही आणायला लागला म्हणजे आत पिल्लू आलं असावं. मादी बसल्यापासूनचा काळही जुळतो.

२९ मार्च

वणवा. दुपारी पलीकडच्या गावच्या हद्दीतून, सड्यावरून आला. कोणी लावला ते माहीत नाही. काजूच्या बागा साफ करताना पाचोळा पेटवतात, गवत चांगलं फुटेल म्हणूनही लावतात. वारा वरून होता. जाळरेषेपाशी आग मंदावली, दोन ठिकाणी ओलांडून आली. पोरांनी ओल्या टाळांनी, म्हणजे पाल्याच्या डहाळ्यांनी, झोडपून विझवली.

आम्हाला धास्ती पानांच्या आगीची नव्हती. ती झाडाखालून सरकून जाते. पण जुन्या झाडाचा बुंधा खाली पोकळ असला आणि ठिणगी आत गेली, की चुलीच्या धुराड्यासारखं ते आतून पेटतं आणि दोन-दोन दिवस जळत राहतं. सड्याच्या कडेचा एक मोठा नांद्रुक असाच गेला. यादीतला. रात्रीपर्यंत पाणी वाहून ओतलं, उपयोग झाला नाही. त्याचं फळ मे महिन्यात यायचं.

बेहड्यापर्यंत आग पोचली नाही. संध्याकाळी नर दोनदा आला.

२० एप्रिल

शहरातून फोटोग्राफरांचा एक गट आला होता. पाळीवरच्या मुलाला ढोली दाखवण्यासाठी पैसे देऊ केले. त्याने नाही म्हटलं आणि मला फोन केला. त्याचं कौतुक आज समितीत झालं, आणि ते वहीत राहावं म्हणून इथे लिहितो.

नियम पुन्हा सगळ्या वाड्यांत सांगितले: ढोलीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, जागा कळेल असं काही लिहायचं नाही, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही. आलेल्यांना हाकलायचं नाही. त्यांना फळलेल्या उंबराखाली न्यायचं, तिथे सकाळी सगळेच पक्षी येतात.

शाळेतल्या मुलांना आज विल्यमची गोष्ट सांगितली. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत १८९४ ते १९२० अशी २६ वर्षं एक महाधनेश राहत होता. पुढे संस्थेच्या बोधचिन्हावर महाधनेश आला तो त्याच्यामुळेच. एका मुलीने विचारलं, त्याची जोडीदारीण कुठे होती? उत्तर नव्हतं.

४ मे

मंदिर समितीची बैठक. सभामंडप वाढवायचा प्रस्ताव. नकाशात तो पूर्वेला वाढतो, म्हणजे रहाटीतला जुना वड आणि ती सातवीण दोन्ही जातात. गाड्या लावायला जागा होईल असंही कोणीतरी जोडलं.

मी झाडांबद्दल बोललो, पण निर्णय माझ्या बोलण्याने झाला नाही. रहाटीतलं पडलेलं लाकूडसुद्धा कोणी घरी नेत नाही, तिथे उभं झाड पाडायचं तर देवीला विचारायलाच हवं असं मानकऱ्यांनी सांगितलं. आज सकाळी गाऱ्हाणं घालून कौल लावला. उजवा आला नाही. मंडप आता पश्चिमेला, जिथे पूर्वी खळं होतं त्या मोकळ्या जागेत वाढणार. खर्च थोडा वाढेल, भराव घालावा लागेल. वर्गणी देणाऱ्यांनी हरकत घेतली नाही.

१० मे

मादी बाहेर आली. सकाळच्या पाळीला दोन गरुड एकत्र दिसले. नराचा डोळा लाल, मादीचा पांढरट, त्यावरून ओळख पक्की. ढोलीचं तोंड पुन्हा लिंपलेलं आहे, पिल्लू आतच. आता दोघं मिळून भरवतायत. खेपा वाढल्या.

जळलेल्या नांद्रुकाची उणीव याच दिवसांत जाणवतेय. नर पूर्वीच्या दिशेने न जाता पऱ्याच्या बाजूला, लांब जातो. तिकडे दोन उंबर फळलेत, दोन्ही त्याच काकांच्या वाटणीचे.

२६ मे

आठवडाभर पाऊस. मोसमी पाऊस कालच तळकोकणात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. पेरणीची तयारी नाही, घरं शाकारायची राहिली, आणि पिल्लू अजून ढोलीत. काल दुपारी वाऱ्याने उतारावरचा एक ऐन उन्मळून पडला, बेहड्यापासून फार लांब नाही. मार्चमध्ये कडं राखायचा हट्ट का धरला ते काल सगळ्यांना दिसलं. वारा आधी त्या कड्यावर आदळत होता.

दाट धुक्यात पाळ्यांना अर्थ नव्हता, तरी मुलं गेली. पंखांचा आवाज ऐकून खेपा लिहिल्या. गरुड डोक्यावरून गेला की वाफेच्या इंजिनासारखा आवाज होतो, न दिसता कळतो.

८ जून

पिल्लू उडालं. सकाळी तोंडाचं लिंपण फुटलेलं दिसलं, पिल्लू शेजारच्या किंजळीवर बसलेलं, आई-बाप जवळपास. मग तिघंही पऱ्याच्या बाजूला गेले. पट्टा राखला होता, त्यामुळे शेंड्यांवरूनच जाता आलं.

खालच्या वाडीत निरोप दिला. काकूंना काठी घेऊन चालता येतं आता. त्यांनी अंगणातून विचारलं, "एकच होतं का?" एकच. गरुड एक किंवा दोन अंडी घालतो, पण वाढतं ते बहुतेक एकच. वर्षभराच्या सगळ्या खटाटोपातून एक पक्षी वाढला, आणि ही जात टिकते ती याच वेगाने. म्हणून एक ढोली गेली तर ते नुकसान भरून यायला किती वर्षं लागतील ते गावाने लक्षात घ्यावं.

१५ जून

ढोली रिकामी झाल्यावर आज पहिल्यांदा झाडाखाली गेलो. गरुडाने ओकलेल्या आणि ढोलीतून टाकलेल्या बियांचा थर होता: रानजायफळ, जांभूळ, आणखी दोन जाती ज्या ओळखायच्या आहेत. काही आधीच रुजलेल्या. निम्म्या तिथेच सोडल्या, बाकीच्या शाळेमागच्या रोपवाटिकेत पिशव्यांत लावल्या. वड-नांद्रुकाचे जाड खुंट पऱ्याच्या कडेने पुरले. त्यांना जोमाने पाऊस मिळाला तर लागतील. फळ यायला पुष्कळ वर्षं आहेत. जळलेल्या नांद्रुकाच्या जागी तीन खुंट लावले.

२९ जून

पट्ट्याबाहेरची तोड पावसामुळे आता दिवाळीनंतर. फळझाडांवर मालकांसमक्ष पांढरे पट्टे मारून घेतले.

दुसरा हप्ता जमा व्हायचा आहे, मंडळाने गणपतीपर्यंत मुदत मागितली. २७ ऑगस्टला गणपती, तेव्हा उरलेले तिघं हिस्सेदार येतील. त्यांतले दोघं वारस आहेत आणि त्यांची नावं सातबाऱ्यावर नाहीत, त्यामुळे नुसती सही घेऊन चालणार नाही. मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र गोळा करून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज आधी द्यायचा. हे काम जुलैत मी आणि पोलीस पाटील करणार. शेजारच्या गट नंबरमध्येही असाच एक बेहडा आहे, ढोली असलेला, अजून कोणी न वापरलेला. त्याचा सातबारा काढायला टाकलाय.